गावसकर किती?

कसोटी सामना चालू असला की वाशिमच्या पाटणी चौकात ओळखदेख नसलेला माणूसही सायकलवरून एक पाय खाली टेकवून विचारायचा, “गावसकर किती?” रामराम नाही, नाव-गाव नाही. ज्याला विचारलं तोही तेवढ्याच हिशेबाने सांगायचा, “बावन्न. विश्वनाथ गेला.” सायकल पुढे. भारताच्या धावा किती, हा प्रश्न दुसरा आणि तो पुष्कळदा विचारायचा राहूनच जायचा. गावसकर आहे म्हणजे सामना आहे. गावसकर गेला म्हणजे उरलेला दिवस कामधंद्याला मोकळा, असा सरळ व्यवहार होता.

आता तो प्रश्न कुणी विचारत नाही. आता विचारतात, “गावसकर काय म्हणाले?” तेव्हा गावसकर खेळायचा आणि आम्ही बोलायचो, आता गावसकर बोलतात आणि आम्ही ऐकतो. खेळत होता तोवर तो ‘सुनील’ होता, एकेरीतला, वाशिमच्या कुठल्याही पोराने हक्काने शिव्या घालाव्यात असा. हातात माईक आला आणि त्याचे ‘अहो’ झाले. निवृत्त खेळाडूने कोट घालून पडद्यावर बसावं आणि चालू खेळाची चिरफाड करावी, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की हल्ली कुणी निवृत्ती जाहीर केली की नातवंडांचा पहिला सवाल असतो, आता हा कुठल्या चॅनलवर?

१९७१ च्या मार्चमध्ये सुनील वेस्ट इंडिजमध्ये पहिली कसोटी खेळला आणि त्या एका मालिकेत, चार कसोटींत, त्याने ७७४ धावा केल्या. तेव्हा वाशिम हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. स्वतःचा जिल्हा मिळायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. त्या ७७४ मधली एकही धाव आमच्यातल्या कुणी पाहिली नाही. आकाशवाणीच्या बातम्यांत शेवटी खेळाचं एखादं वाक्य यायचं आणि बाकीचं एसटीच्या टपावरून आलेल्या वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यात. नागपूरचा ‘तरुण भारत’ हातात पडेपर्यंत तिकडे पुढच्या दिवसाचा खेळही संपलेला असायचा. म्हणजे आम्ही टाळ्या वाजवायचो त्या शिळ्या शतकाला. पण शिळं आहे हे आम्हाला कुठं जाणवत होतं? बातमी पोचली तेव्हाच शतक झालं, असं आमचं पंचांग होतं.

आता चेंडू बॅटला लागायच्या आधी मोबाइल थरथरतो. घरातला टीव्ही काही सेकंद मागे चालतो, मोबाइल पुढे, आणि शेजारच्या घरातला आरडाओरडा त्याच्याही पुढे. विकेट पडली हे आधी शेजाऱ्यांच्या किंकाळीवरून कळतं, मग पडद्यावर गोलंदाज धावायला लागतो. ताज्या बातमीचं इतकं अजीर्ण झालं आहे की शिळी चव तरी आठवावी म्हणून आम्ही जुन्या गोष्टी काढतो, आणि नातवंडं उठून जातात.

रेडिओ हे प्रकरण मात्र नीट सांगायला हवं. रेडिओला तेव्हा परवाना लागायचा. पोस्टात जाऊन दरसाल पैसे भरायचे, पासबुकासारख्या वहीत तिकिटं चिकटवून घ्यायची. घरात रेडिओ एक आणि त्याचा मालक एक, तो म्हणजे वडील. ट्रान्झिस्टर आला तेव्हा त्याला भोकाभोकांचं चामडी जाकीट असायचं आणि ते काढायची कुणाची टाप नव्हती. सेल संपत आले की आवाज आधी घोगरा व्हायचा, मग खोल विहिरीतून यायचा. मग सेल काढून गच्चीवर उन्हात ठेवायचे, आईच्या कुरडयांच्या शेजारी. उन्हात तापलेले सेल अर्धा तास तरी चालायचे, त्यामागचं शास्त्र कुणी विचारलं नाही. काही जण सेल दाताने चावून दाबायचे. त्यानेही चालायचे, निदान दाबणाऱ्याला तसं वाटायचं.

समालोचन काही वेळ इंग्रजीत, काही वेळ हिंदीत, असं आळीपाळीने चालायचं. इंग्रजी सुरू झालं की अर्धी मंडळी चहाला उठायची आणि उरलेली मास्तरांच्या तोंडाकडे बघायची. मास्तर डोळे मिटून ऐकत आणि मग एकच शब्द टाकत, “बीट झाला.” एवढ्यावर आम्ही पुढची पाच मिनिटं काढायचो. सुशील दोशींचं हिंदी सुरू झालं की सगळे परत आपापल्या जागी. मराठी समालोचन आमच्या वाट्याला क्वचित, हवा चांगली असेल आणि नशीब जोरावर असेल तेव्हा. पण बाळ ज. पंडितांचा आवाज एकदा कानात बसला की बसला. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. म्हणजे खेळाडूने बॅट ठेवून माईक उचलायची ही चाल आम्ही समजतो तशी उपग्रहाबरोबर परदेशातून आलेली नाही. पुण्याच्या एका गृहस्थाने ती मराठीत कधीच रुजवली होती. फरक इतकाच की पंडित आम्हाला मैदान दाखवायचे. वारा कुठून येतोय, स्लिपमध्ये किती जण उभे आहेत, गोलंदाज कुठून वळला, हे सगळं त्यांनी सांगायचं आणि आम्ही डोळ्यांपुढे मांडायचं. तो चेंडू खेळायला नको होता की हवा होता, हे मात्र आमच्यावर सोडलेलं असायचं.

आता मैदान दाखवायची गरजच नाही. तीस-तीस कॅमेरे आहेत, स्टंपात माईक आहे, चेंडू कुठे पडून कुठे गेला असता याची निळी-लाल रेघ आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला आपला सचिन टीव्हीवरच्या पुनर्दर्शनावरून धावचीत दिला गेलेला पहिला फलंदाज ठरला. त्यानंतर पंचाच्या बोटाची जरब गेली ती गेलीच. २००१ पासून चेंडूचा माग काढणारं यंत्रही आलं. दाखवण्यासारखं सगळं यंत्रं दाखवू लागली, तेव्हा समालोचकाला करण्यासारखं उरलं काय? तर निकाल देणं. म्हणून तो निकाल देतो. दर चेंडूला देतो.

खरं सांगायचं तर आमचं जुनं ऐकणं फारसं भरवशाचं नव्हतं. “और गेंद हवा में...” एवढं ऐकू यावं आणि पुढे खरखर व्हावी. खरखर थांबेपर्यंत दुसराच कुणी फलंदाजी करत असायचा. पाटणी चौकाजवळ रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानाबाहेर फळा टांगलेला असायचा, त्यावर खडूने धावसंख्या लिहिण्याचं काम दुकानातल्या पोराकडे. आकडा बदलला की तो शर्टाच्या बाहीने जुना पुसायचा, त्यामुळे त्याची उजवी बाही कायम पांढरी. तो जेवायला घरी गेला की वाशिममधलं क्रिकेट थांबायचं. एकदा गावसकर ६२ वर दीड तास उभा होता, प्रत्यक्षात तो केव्हाच बाद होऊन तंबूत परतलेला. त्या दीड तासात चौकात त्याच्या शतकावर पैजा लागल्या होत्या. आताचा धावफलक असा दगा देत नाही. पण त्या दीड तासाइतकं सुखही देत नाही.

त्याच सुनीलने आम्हाला खजीलही केलं होतं. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडने ६० षटकांत ३३४ केल्या आणि आमचा हा पठ्ठ्या सगळी ६० षटकं उभा राहून ३६ वर नाबाद परतला. १७४ चेंडू, चौकार एक. भारत ३ बाद १३२. ही बातमी वाशिमला आली तेव्हा आधी वाटलं छापण्यात चूक आहे. पुढचे कित्येक दिवस पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. एक जण म्हणाला, कर्णधाराशी वाजलं. दुसरा म्हणाला, त्याला कुणी नियमच सांगितले नसतील. तिसऱ्याचं म्हणणं, इंग्रजांकडून पैसे. चौथ्याने तर शपथेवर सांगितलं की त्याची बॅट आतून पोकळ होती. ज्यांनी एक चेंडू पाहिला नव्हता, अशांनी १७४ चेंडूंची कारणं दिली. पुढे ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात गावसकरांनीच लिहिलं की त्या खेळीचा उलगडा आपल्यालाही करता येत नाही. म्हणजे खेळणाऱ्याला जे कळलं नाही, ते वाशिमच्या पानठेल्याला चार प्रकारे कळलेलं होतं.

हेच आज घडलं असतं तर? पाचव्या षटकापासून तज्ज्ञ मंडळी सरसावली असती. पडद्यावर पिवळी वर्तुळं, कुठल्या दिशेला किती धावा त्याचं चक्र, मागच्या दहा डावांचा स्ट्राइक रेट, आणि संध्याकाळी चौघांची बैठक. त्या बैठकीत सर्वांत कडक बोलले असते ते कदाचित गावसकरच. आम्हाला यातली गंमत सुटत नाही. ज्या माणसाने ६० षटकांत ३६ केल्या, तो आज कुणी दहा चेंडू निर्धाव खेळला तर चुकचुकतो आणि आम्ही मान डोलावतो. पण मान डोलावताना हेही ठाऊक असतं की चुकचुकण्याचा अधिकार त्यानेच कमावला आहे. १२५ कसोटी, ३४ शतकं, १०,१२२ धावा, त्याही डोक्यावर हेल्मेट नसताना वेस्ट इंडिजच्या तोफखान्यासमोर उभं राहून. आमच्या पानठेल्यावरच्या चौघांनी काय कमावलं होतं? उधारी.

दूरदर्शनच्या काळातलं एक चित्र विदर्भाच्या माणसाला विसरता येत नाही. ३१ ऑक्टोबर १९८७, शनिवार, नागपूर. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, डब्यांच्या तळाशी चिवडा उरलेला. विश्वचषकाचा सामना, समोर न्यूझीलंड. ऑस्ट्रेलियापेक्षा वरचढ धावगती हवी तर नुसतं जिंकून भागणार नव्हतं, झटपट जिंकायला हवं होतं. आमच्यातले काही आदल्या रात्रीच एसटीने नागपूरला गेले होते. उरलेले आम्ही गल्लीतल्या एकमेव चालू टीव्हीपुढे. टीव्ही काळा-पांढरा, पडद्यावर मुंग्या, आणि एक मुलगा कायमचा गच्चीवर अँटेना धरून. “दिसतंय का?” तो वरून ओरडायचा, “थोडं डावीकडे!” आम्ही खालून. त्या मुलाने सामना पाहिला असं म्हणता येणार नाही, पण त्याच्यामुळे चाळीस जणांनी पाहिला.

त्या दिवशी चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली, विश्वचषकातली पहिली, आणि तिन्हींचे त्रिफळे. मग २२२ चं लक्ष्य घेऊन गावसकर आणि श्रीकांत उतरले. गावसकरच्या अंगात ताप होता असं नंतर कळलं. आम्हाला दिसलं ते एवढंच की चॅटफिल्डला सलग दोन षटकार, मग दोन चौकार, आणि हा आमचा सुनीलच आहे ना असं एकमेकांना विचारणारे आम्ही. ८८ चेंडूंत १०३ नाबाद. सामना ३२.१ षटकांत खलास. १०८ एकदिवसीय सामन्यांच्या कारकिर्दीतलं त्याचं हे एकुलतं शतक, आणि ते झालं विदर्भाच्या मातीत, तेही सी. के. नायुडूंच्या वाढदिवशी, जे १८९५ मध्ये त्याच नागपूरला त्याच तारखेला जन्मले होते. हा योगायोग तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आला नाही, कारण सांगायला पडद्यावर तज्ज्ञ नव्हता. आज असता तर पहिल्या चौकारालाच तीन वेळा सांगून झालं असतं. पाच दिवसांनी मुंबईला उपांत्य फेरीत डीफ्रेटसने त्याचा त्रिफळा उडवला, ४ धावांवर. भारत ३५ धावांनी हरला आणि गावसकर पुन्हा भारताकडून खेळला नाही. ‘गावसकर किती’ या प्रश्नाचं वाशिममधलं शेवटचं उत्तर, चार.

त्यानंतर तो आला तो आवाज होऊन. आधी दूरदर्शनवर ‘सुनील गावसकर प्रेझेंट्स’ होतंच; मग केबल आलं, छतांवर छत्र्या उगवल्या. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आकाशातल्या लहरी जनतेच्या आहेत, एकट्या सरकारच्या नाहीत, आणि दूरदर्शनची मक्तेदारी मोडली. जनतेच्या लहरी पुढे कंपन्यांनी विकत घेतल्या, ती गोष्ट वेगळी. ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी गेली आणि षटकागणिक जाहिराती आल्या. पूर्वी सामना बातम्यांसाठी थांबायचा, आता सिमेंटसाठी थांबतो. बोलणं हा पोटापाण्याचा भरभक्कम धंदा झाला. २००८ मध्ये आयसीसीने गावसकरांपुढे पेच टाकला, क्रिकेट समितीचं अध्यक्षपद ठेवा नाहीतर माध्यमातलं काम. त्यांनी खुर्ची सोडली, माईक ठेवला. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. खुर्चीवरून बोललेलं वाशिमपर्यंत पोचत नाही.

ही हवा फक्त आपल्याकडची नाही. ऑस्ट्रेलियाच्या रिची बेनोने खेळत असतानाच, १९५६ मध्ये, बीबीसीत जाऊन या कामाचे धडे घेतले होते, आणि पडद्यावर जे दिसतंय त्यात भर घालता येत नसेल तर गप्प बसायचं हा त्याचा दंडक. अमेरिकेत बास्केटबॉलचं असंच. अकरा अजिंक्यपदं जिंकलेला बिल रसेल सत्तरच्या दशकातच टीव्हीवर विश्लेषक म्हणून बसला. पण खरी बहार आणली चार्ल्स बार्कलीने. सोळा मोसम खेळला, २००० मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी स्टुडिओत येऊन बसला. अजिंक्यपद त्याच्या नशिबी एकदाही आलं नाही. शेजारी बसणाऱ्या शकील ओनीलकडे चार आहेत. ओनील ते चार त्याला सतत ऐकवतो आणि बार्कली तरीही सगळ्या खेळाडूंच्या चुका काढतो. आमच्याकडे बास्केटबॉल म्हणजे शाळेच्या मैदानातला जाळी नसलेला एक खांब, त्यामुळे त्यांचा खेळ आम्हाला फारसा कळत नाही. भांडण मात्र नीट कळतं.

आणि भांडणच तर आमचं हरवलं. पानठेल्यावर खेळ संपल्यानंतरचा तास हा आमचा तास होता. ठेलेवाल्याने चुना लावता लावता पहिलं वाक्य टाकायचं, “वेंगसरकरला वर पाठवायला पाहिजे होतं.” मग सुरुवात. कुणाचा हात कंदिलाला लागायचा, कुणाची सायकल पडायची. बॅट म्हणून छत्री, चेंडू म्हणून सुपारी. हुक कसा मारायचा हे दाखवताना एका वकिलांनी छत्रीची काडी मोडून घेतली होती, आणि ते आयुष्यात कधी मैदानावर उतरले नव्हते. मत द्यायला पुरावा लागायचा नाही आणि मत बदलायला लाजही वाटायची नाही, कारण काल काय बोललो होतो याची चित्रफीत कुणाकडे नव्हती.

आता पानठेला आहे, कंदील गेला, एलईडी आला. पोरं उभी असतात, पण प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये तज्ज्ञ. एक जण म्हणतो, मांजरेकर असं म्हणाले. दुसरा म्हणतो, शास्त्री तसं म्हणाले. तू काय म्हणतोस, असं कुणी कुणाला विचारत नाही. आम्ही अडाण्यासारखे भांडायचो, पण स्वतःच्या अडाणीपणाने. ही मुलं शहाण्यासारखी भांडतात, पण उसन्या शहाणपणाने. बरोबर तीच आहेत, हे मान्य. त्यांना लेग कटर आणि ऑफ कटर यांतला फरक कळतो. आम्हाला चेंडू वळला एवढंच कळायचं, तेही मास्तरांनी सांगितलं तर.

आणि त्या तासाचे गोडवे गाताना एक आठवण ठेवलेली बरी. ठेल्यावर एकही बाई नसायची. घरातल्या मुली स्वयंपाकघराच्या दारातून रेडिओ ऐकायच्या. कितीतरी घरांत आकडे त्यांना भावांपेक्षा जास्त पाठ होते, पण त्यांना कुणी विचारायचं नाही. सी. कें.ची मुलगी चंद्रा नायुडू यांनी १९७७ च्या सुमारास इंदूरला माईक हातात घेतला. देशातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. वाशिमला त्याचा पत्ताही लागला नाही. आज अंजुम चोप्रा, मिताली राज पुरुषांच्या सामन्यावर बोलतात आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीत फटाके फोडायला पुढे मुलीच होत्या. या एका बाबतीत जुन्याची बाजू घेणारा आमच्यात कुणी निघाला तर त्याला आम्हीच गप्प करू.

तरी खोटं कशाला बोला, आम्ही आजही गावसकरांसाठी आवाज वाढवतो. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला ऋषभ पंत एक अचाट फटका मारायला जाऊन बाद झाला आणि गावसकरांनी माईकवर तीनदा ‘स्टुपिड’ म्हटलं. एवढ्यावर न थांबता याने आपल्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊ नये, असंही सुनावलं. आमच्या घरात त्या वेळी नाश्त्याला पोहे होते आणि चमचे हवेत थांबले. कारण त्या तीन शब्दांत तज्ज्ञ नव्हता, पानठेला होता. सहा महिन्यांनी लीड्सला त्याच पंतने शतक ठोकलं, कोलांटउडी मारली, आणि त्याच गावसकरांनी तीनदा ‘सुपर्ब’ म्हटलं. मत बदलायला लाज नाही, ही आमचीच रीत. मेलबर्नच्याच दौऱ्यात, जानेवारी २०२५ मध्ये, सिडनीला बॉर्डर-गावसकर करंडक द्यायला बॉर्डरना बोलावलं आणि गावसकर मैदानात हजर असून त्यांना कुणी बोलावलं नाही. त्यावर ते बोलले, आणि आम्हीही बोललो. बॉर्डरवर नाही, ऑस्ट्रेलियावर.

मराठीही परत आली आहे. २०२३ मध्ये आयपीएल मोबाइलवर फुकट आणि मराठीत ऐकू येऊ लागलं, तेव्हा वाशिमच्या आजीबाईंनाही डीआरएस कळू लागला. त्याच मोसमात केदार जाधव मराठी समालोचन करत होता आणि मध्येच बंगळूरच्या संघाने त्याला खेळायला बोलावलं. हा म्हणजे उलटा प्रवास. समालोचक उठला, बॅट घेऊन निघाला. पंडितांच्या काळात असं कुणी लिहिलं असतं तर संपादकाने कथा म्हणून छापलं असतं. मराठी समालोचनातली मराठी मात्र मुंबई-पुण्याची. आमची वऱ्हाडी तिथे अजून पोचलेली नाही. विदर्भ पोचला आहे. फैज फझलच्या संघाने १ जानेवारी २०१८ ला रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि २०२५ मध्ये अक्षय वाडकरच्या संघाने तिसऱ्यांदा. पूर्वी रणजीच्या बातमीत विदर्भ असायचा तो हरलेल्या संघाच्या जागी. या विजयांत चाळिशीतल्या वासिम जाफरने विदर्भाकडून एका मोसमात हजारावर धावा केल्या होत्या. तोही आता बोलणाऱ्यांत आहे. तो बोलतो तेव्हा आम्ही जरा जास्त कान देतो. आमच्याकडून खेळला आहे म्हटल्यावर इतका पक्षपात चालतो.

पण निवृत्त खेळाडूने खरं बोलावं कसं, ते अजून आमच्या तालुक्याच्या मैदानांवर शिल्लक आहे. सुगी आटोपली की टेनिस बॉलचे सामने लागतात, कुणाच्या ना कुणाच्या चषकाचे. मांडवात बांबूला भोंगा, खाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक माणूस. एके काळचा सलामीचा फलंदाज. गुडघा गेला, आवाज राहिला. “आरे राजा, काय करून राह्यला बे! पाय कुठं, बॅट कुठं!” हे त्याचं विश्लेषण, आणि त्याला पुनर्दर्शन लागत नाही. “गेला चेंडू तुरीच्या वावरात, शोधा बाप्पा!” आमच्या वेळी चेंडू ज्वारीत हरवायचा, ज्वारी गेली, सोयाबीन आलं, शोधणारी पोरं तशीच. दोन चेंडूंच्या मध्ये तो बक्षिसं पुकारतो, “या छक्क्याला भाऊकडून एकावन्न रुपये,” आणि षटक संपलं की वाहतूक सांभाळतो, “एमएच ३७, काळी स्प्लेंडर, रस्त्यातून काढा भाऊ, ट्रॅक्टर अडला.” फलंदाज चुकला तर हा त्याच्या बापाचं नाव घेऊन बोलतो आणि फलंदाजही क्रीझवरून उलट उत्तर देतो. दोघांचं बोलणं भोंग्यातून गावभर. हल्ली हे सामनेही यूट्यूबवर दिसतात, कोपऱ्यात धावसंख्येची पट्टी असते. तो मात्र पट्टीकडे न बघता बाजूच्या पोराला विचारतो, “किती झाले बे?”

वाशिमहून रिसोड किंवा मालेगावकडे जाताना हिवाळ्यात कुठे भोंगा कानावर पडला, तर अर्धा तास काढून थांबा. तिकीट नाही, सावलीत सतरंजी असते. फलंदाजाबद्दल काही मत असेल तर मोठ्याने सांगा, भोंगेवाला ते पुढे पोचवतो. आणि गाडी तेवढी रस्त्याच्या कडेला लावा.